रुबी प्रिन्सेसचा क्रू आणि पोर्ट केम्बला: मदत कुंपणाच्या आत कशी जाते

६ एप्रिल २०२० च्या सकाळी रुबी प्रिन्सेस पोर्ट केम्बलाच्या धक्क्याला लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियात तिच्याइतकी बदनाम बोट दुसरी नव्हती. ८ मार्चला सिडनीहून न्यूझीलंडच्या फेरीवर निघालेली ही क्रूझ १९ मार्चला परतली आणि सर्क्युलर कीच्या धक्क्यावर तिचे सुमारे २,६५० प्रवासी उतरून टॅक्सीने, ट्रेनने, विमानाने पांगले. काहींचे कोविडच्या चाचणीसाठी नमुने बोटीवरच घेतले होते, पण त्यांचे निकाल हाती येण्याआधीच सगळ्यांना सोडून दिलं गेलं. या एका फेरीशी पुढे २८ मृत्यू जोडले गेले. ५ एप्रिलला न्यू साउथ वेल्स पोलिसांनी फौजदारी तपास जाहीर केला, तोही खुनांचा तपास करणाऱ्या पथकाच्या हाती. दुसऱ्याच दिवशी बोट सिडनीच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर असलेल्या या पोलाद आणि कोळशाच्या बंदरात आली.

आत सुमारे ५० देशांचे १,०४० कर्मचारी होते आणि जवळपास २०० जणांना लक्षणं होती. प्रवासी एकही उरला नव्हता. प्रवाशांना उतरवण्याचा निर्णय ना वेटरने घेतला होता, ना लाँड्रीतल्या माणसाने, ना इंजिनरूममधल्या ऑइलरने. ब्रेट वॉकर यांच्या चौकशी आयोगाने ऑगस्टमध्ये अहवाल दिला आणि बोटीला ‘कमी धोक्याची’ ठरवणं ही राज्याच्या आरोग्य खात्याची गंभीर चूक असल्याचं स्पष्ट केलं. पण एप्रिलमध्ये हा अहवाल कुणाच्या हाती नव्हता. रोज टीव्हीवर दिसणारी बोट आपल्याच बंदरात कशाला, असा सूर पोर्ट केम्बलाच्या आसपासच्या इलावारा भागात उमटला तर त्यात नवल काहीच नव्हतं.

तरीही २३ एप्रिलला बोट निघाली तेव्हा तिच्यावर ‘थँक यू इलावारा’ असा फलक झळकत होता. हे प्रकरण अभ्यासायचं ते या फलकासाठी. गावकऱ्यांना बोटीवर पाऊल ठेवता येत नव्हतं आणि क्रूला खाली उतरता येत नव्हतं. मधे कुंपण, पोलीस आणि संसर्गाची भीती. अशा वेळी चांगुलपणाला आत जायला वाट हवी असते, आणि ती वाट अरुंद असते. कोणती मदत तिच्यातून आत जाते, कोणती फाटकातच अडते आणि कोणती मुळात गावाने करायचीच नसते, हे खाली मांडलं आहे.

आत काय कमी होतं

पहिला गैरसमज अन्नाचा. क्रूझ अडकली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उपाशी माणसं येतात. तीन हजारांवर प्रवाशांना दिवसातून अनेक वेळा जेवू घालणाऱ्या बोटीच्या कोठारात, प्रवासी उतरून गेल्यावर, हजार माणसांना पुरेल असं बरंच काही असतं. शिवाय इंधन आणि शिधा भरणं हे पोर्ट केम्बलात येण्याचं एक अधिकृत कारणच होतं. तांदूळ, पीठ, भाज्या हे काम शिप चँडलरचं, म्हणजे जहाजांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं. गावाने तिथे हात घालू नये.

कमतरता वेगळी होती. क्रूझवरचा क्रू एरवी खालच्या डेकवर, बहुतेकदा बिनखिडकीच्या केबिनमध्ये दोघं-दोघं राहतो. विलगीकरणासाठी त्यांना प्रवाशांच्या केबिनमध्ये एकेकटं ठेवलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला ही बढती वाटेल. प्रत्यक्षात क्रू मेस बंद, क्रू बार बंद, जेवण दाराशी आणि सोबत कुणाची नाही. ज्यांचा दिवस दहा-अकरा तासांच्या कामात जायचा ते अचानक रिकामे. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. काहींचं संपत आलेलं, घरी जायची तारीख ठरलेली, आणि ती तारीखच नाहीशी झालेली. क्रू शॉप बंद असेल तर शाम्पू, रेझर, सॅनिटरी पॅड, चार्जरची केबल, घशाच्या गोळ्या, सिगारेट, झटपट नूडल्स आणि तिखट सॉस या गोष्टी चौथ्या-पाचव्या दिवसापासून जाणवायला लागतात. वेटर आणि केबिन स्टुअर्ड यांच्या कमाईत टिपचा वाटा मोठा असतो, आणि प्रवासी गेले की तो शून्यावर येतो. या सगळ्यावर कडी म्हणजे फोन उघडला की स्वतःच्याच बोटीची बातमी, आणि खाली लोकांच्या शिव्या.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वेटर आणि स्टुअर्ड यांचा हॉटेल विभाग रिकामा झाला तरी इंजिन विभाग होत नाही. धक्क्याला लागलेल्या बोटीचेही जनरेटर चालू असतात, वॉच म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या चालू असतात, गॅलीत म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात जेवण शिजतंच. दुपारी बारा वाजता केबिनच्या दाराशी ठेवलेली पिशवी ड्युटीवरच्या माणसाला मिळेलच असं नाही. सगळ्यात जास्त दमलेली माणसं वाटपातून सगळ्यात आधी वगळली जातात ती अशी. म्हणून वाटपाची यादी केबिन नंबरवरून न करता विभाग आणि पाळीवरून करायला सांगावी.

कुंपण आणि त्यातली एकच वाट

ऑस्ट्रेलियातलं कोणतंही व्यापारी बंदर हे कायद्याने सुरक्षित क्षेत्र आहे. जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय आयएसपीएस संहिता आणि २००३ चा सागरी सुरक्षा कायदा यांमुळे सोबतीशिवाय आत फिरायचं तर एमएसआयसी नावाचं ओळखपत्र लागतं, आणि त्यासाठी आधी पार्श्वभूमीची तपासणी होते. रुबी प्रिन्सेसच्या बाबतीत यावर पोलिसांचा पहारा होता. आणीबाणीशिवाय आणि पोलीस आयुक्तांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणीही उतरायचं नाही, असा आदेश होता. ८ एप्रिलला तपास अधिकारी बोटीवर चढून तिचा ब्लॅक बॉक्स घेऊन गेले. म्हणजे धक्का हा एकाच वेळी रुग्णालयाचा दरवाजाही होता आणि तपासाची जागाही.

अशा ठिकाणी गाडीची डिकी भरून थेट फाटकावर जाणं ही सगळ्यात सामान्य चूक. पहारेकऱ्याला वस्तू घेण्याचा अधिकारच नसतो. तो नाही म्हणतो, देणारा दुखावतो, आणि संध्याकाळपर्यंत ‘बंदरवाल्यांनी मदत परत पाठवली’ अशी बातमी गावभर होते. खरी साखळी लांब आहे. देणारा माणूस सीफेअरर्स सेंटरला, म्हणजे बंदरातल्या खलाशांसाठीच्या केंद्राला विचारतो, सेंटर बोटीच्या स्थानिक एजंटला, एजंट बोटीवरच्या क्रू ऑफिसला. तिथून मागणीची यादी खाली येते. मग एजंट टर्मिनल आणि सीमा दलाकडून वेळ ठरवतो, माल धक्क्यावर जातो, बोटीचा सिक्युरिटी ऑफिसर तो तपासून घेतो आणि विभागप्रमुख वाटतात. यातली एक कडी गाळली तरी माल तिथेच बसतो.

पोर्ट केम्बलात मिशन टू सीफेअरर्सचं केंद्र आहे. १८५६ पासून चालत आलेली ही अँग्लिकन संस्था जगभरच्या बंदरांत खलाशांसाठी वाय-फाय, वाहन, गप्पा मारायला जागा आणि गरज पडली तर प्रार्थना पुरवते. कॅथलिक बाजूने तेच काम स्टेला मारिस करते. या केंद्रातल्या लोकांकडे ओळखपत्रं असतात, एजंटांचे नंबर असतात, आणि मुख्य म्हणजे खलाशी काय मागतो याचा वर्षानुवर्षांचा अंदाज असतो. नव्या मंडळींनी उत्साहाने स्वतःचा वेगळा गट काढून एजंटला फोन करायला सुरुवात केली की एजंट वैतागतो. त्याच्या मागे इंधन, बोटीला बंदरातून वाट दाखवणारा पायलट, कचरा, औषधं अशी वीस कामं असतात, आणि त्याला बोलायला एकच माणूस हवा असतो. गावाच्या वतीने बोलणारा माणूस एक आणि त्याचा नंबरही एक, एवढं ठरवलं तरी अर्धं काम होतं.

महासाथीत सगळीकडच्या केंद्रांनी एक पद्धत बसवली. शिप व्हिजिटर, म्हणजे बोटींना भेट देणारा केंद्राचा माणूस, गँगवे म्हणजे बोटीवर जायचा जिना चढत नाही. तो माल गँगवेच्या पायथ्याशी ठेवून मागे सरतो, मग बोटीवरचा माणूस खाली येऊन उचलतो. सही नाही, हातात हात नाही. पावती म्हणून खोक्यांचा फोटो.

खोका भरताना

घरी शिजवलेलं अन्न चालत नाही. हे सांगितलं की लोकांना राग येतो, म्हणून कारणही सांगावं. क्रूझची गॅली अन्नसुरक्षेच्या कडक नियमांवर चालते. प्रत्येक जिन्नस कुठून आला, कोणत्या तापमानात आला, याची नोंद ठेवावी लागते. आतड्यांचा नोरोव्हायरस क्रूझवर किती झपाट्याने पसरतो हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधीच एक साथ चालू असताना दुसरीला दार उघडायला कुणी तयार होणार नाही. तेव्हा कारखान्यात सीलबंद केलेलं, घटकांचं इंग्रजी लेबल असलेलं, फ्रीजशिवाय टिकणारं असंच निवडायचं.

लेबल वाचणं महत्त्वाचं. ५० देश म्हणजे शाकाहारी आहेत, हलाल पाळणारे आहेत, गोमांस न खाणारे आहेत, डुकराचं न खाणारे आहेत. मऊ गोळ्यांत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, आणि बहुतेक वेळा ते डुकराचं किंवा गाईचं. साधं मिल्क चॉकलेट, बिस्किटं, खारवलेले वेफर्स, चहा, झटपट कॉफी हे त्यातल्या त्यात निर्धोक. शेंगदाणे किंवा सुकामेवा असेल तर तो खोका वेगळा ठेवून वर ठळक लिहायचं. काचेच्या बरण्या, दारू, लायटर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या खोक्यात असल्या की सिक्युरिटी ऑफिसर अख्खा खोका बाजूला काढतो, आणि तो पुन्हा उघडून तपासायला त्याला वेळ मिळेलच असं नाही.

आता आकडा. १,०४० हा आकडा कागदावर लहान दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या दुकानात मिळणारी १८० ग्रॅमची चॉकलेटची वडी प्रत्येकी एक द्यायची म्हटलं तर वजन होतं १८७ किलो. दहा किलोच्या खोक्यांत भरले तर १९ खोके. वडी तीन डॉलरला धरली तर ३,१२० ऑस्ट्रेलियन डॉलर. एखाद्या शाळेला किंवा क्लबला हे जमण्यासारखं आहे. जमण्यासारखं नसलेलं काय, तर ३०० वड्या पाठवून ‘वाटून खा’ म्हणणं. विलगीकरणात वाटून खाता येत नाही. तीनशे दारांशी चॉकलेट आणि साडेसातशे दारांशी काही नाही, अशी भेट न दिलेली बरी. पुरेसं जमत नसेल तर मागणी आलेल्या एखाद्या विभागापुरतं द्यावं, आणि तो विभाग कोणता हे क्रू ऑफिसला ठरवू द्यावं.

दहा किलोची मर्यादाही मनाला आली म्हणून घातलेली नाही. गँगवे चढावाचा, हलणारा आणि अरुंद असतो, आणि माल हातानेच वर न्यावा लागतो. याहून जास्त असेल तर तो पॅलेटवर बांधून, चँडलरच्या ट्रकबरोबर, शिधा भरतात त्या बाजूच्या दारातून पाठवणं सोपं. मात्र त्यासाठी चँडलरच्या मालाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यायला हवी. प्रत्येक खोक्यात एकाच प्रकारची वस्तू असावी. शाम्पूत चॉकलेट आणि चॉकलेटात मोजे असा भेळ केलेला खोका पाहून तपासणाऱ्याचं डोकं फिरतं. बाहेर चारही बाजूंना जाड मार्करने वस्तू, नग आणि खोका बंद केल्याची तारीख लिहायची.

तारखेमागे कारण आहे. मार्च २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोविडचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिक व स्टीलवर ७२ तासांपर्यंत आढळला होता. तेव्हापासून ‘तीन दिवस बंद खोलीत ठेवा, मग पाठवा’ हा नियम अनेक ठिकाणी रुळला. वस्तूंवरून होणारा संसर्ग फारच थोडा असतो, हे पुढे स्पष्ट झालं. तरी त्या एप्रिलमध्ये हा नियम पाळण्याला अर्थ होता, कारण फाटकावरच्या माणसाला खोका हातात घ्यायचा धीर त्या तारखेमुळे यायचा. फक्त तीन दिवस धरूनच आखणी करावी लागते. उद्या निघणाऱ्या बोटीसाठी आज खरेदी केली, तर खोके गावातच राहतात. रुबी प्रिन्सेसच्या निघण्याची तारीख पुढे सरकली होती, आणि अशा सरकत्या तारखांवर भिस्त ठेवून कुणी नाशवंत काही घेऊ नये.

कचऱ्याचाही विचार आधी करायचा. बोटीवर गेलेली वस्तू परत खाली येत नाही, कारण जैवसुरक्षेचे नियम परदेशी जहाजावरचा कचरा सहजासहजी धक्क्यावर येऊ देत नाहीत, आणि विलगीकरणाच्या केबिनमधला कचरा तर वेगळाच हाताळावा लागतो. भेटवस्तूंचे रंगीत कागद, रिबिनी, फुगे हे क्रूच्या डोक्यावरचं काम वाढवतात. आभाराची चिठ्ठीही खाली येणार नाही. फोटो येईल.

पत्रं, आणि काय लिहू नये

मुलांनी काढलेली चित्रं आणि चार ओळींची पत्रं ही सगळ्यात हलकी आणि सगळ्यात टिकाऊ भेट. एका खोक्यात हजार पत्रं मावतात. शिवाय सगळ्यांचे फोटो काढून एकच फाइल क्रू ऑफिसला मेल केली तर ती बोटीच्या टीव्हीवर लावता येते आणि कागद पोचण्याची वाट पाहावी लागत नाही. इंग्रजी सोपं असावं, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा. मुलाचं फक्त पहिलं नाव लिहायचं. पत्ता, शाळेचं नाव, फोन नंबर नाही.

‘तुमच्यापैकी किती आजारी आहेत’, ‘त्या दिवशी नक्की काय झालं’ हे प्रश्न पत्रात नकोत आणि चॅटवर तर नकोतच. बोटीवर फौजदारी तपास चालू होता, म्हणजे यातले कित्येक जण साक्षीदार ठरू शकत होते. क्रूच्या करारात माध्यमांशी बोलण्यावर बंधनं असतात. एखाद्या स्टुअर्डने आपुलकीने पाठवलेला केबिनमधला सेल्फी नावासकट समाजमाध्यमांवर टाकला, आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळताना त्याला अडचण आली, तर ती मदत झाली नाही. क्रूचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारावं. परवानगी मिळाली तरी नाव आणि केबिन नंबर गाळावा.

सिम कार्डाचं गणित

घरच्यांशी बोलता यावं म्हणून सिम कार्ड द्यावीत, ही कल्पना सगळ्यांना सुचते. ऑस्ट्रेलियात प्रीपेड सिम चालू करायला ओळख पटवावी लागते. क्रूचे पासपोर्ट बहुतेकदा क्रू ऑफिसच्या ताब्यात असतात, आणि प्रवेश ९८८ क्रमांकाच्या सागरी क्रू व्हिसावर झालेला असतो. एक-दोन कार्डं चालू करणं वेगळं आणि शेकडो वेगळं. गावातल्या कुणी आपल्या नावावर पन्नास सिम काढून देणं तर सरळ नियमाबाहेरचं. सीफेअरर्स केंद्रं म्हणूनच लहान वाय-फाय राउटर बोटीवर देतात. सिम केंद्राच्या खात्यावर, राउटर बोट निघताना परत किंवा तिथेच सोडलेला. पण असा राउटर एका वेळी दहा-पंधरा फोन नीट सांभाळतो, आणि पोलादी भिंतींतून त्याचा सिग्नल दोन-चार केबिनपलीकडे जात नाही. आतल्या केबिनमध्ये मोबाइलचा सिग्नलही मिळत नाही. बाल्कनीत मिळतो.

हिशोब मांडला की मर्यादा कळते. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण पाऊण जीबी लागतो. रोज २० मिनिटं बोलायचं तर माणशी पाव जीबी, आणि १,०४० माणसांचे दिवसाला २६० जीबी. गावाच्या वर्गणीतून हे भागत नाही. म्हणून राउटर फक्त ज्यांना ताबडतोब बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी: घरी कुणी आजारी, मूल झालेलं, कुणी गेलेलं. बाकी सगळ्यांसाठी गावाने, संघटनेने, स्थानिक लोकप्रतिनिधीने कंपनीकडे एकच आग्रह धरावा, की बोटीवरचं इंटरनेट क्रूला मोफत आणि मर्यादा न घालता खुलं करा. हजार चॉकलेटांपेक्षा या एका मागणीचं वजन जास्त असतं.

वेळेचं भानही ठेवावं लागतं. ५ एप्रिलला न्यू साउथ वेल्समधली घड्याळं एक तास मागे आली होती. त्यानंतर पोर्ट केम्बलात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा मनिलात नऊ आणि भारतात साडेसहा. म्हणजे नेटवर्कवरचा खरा ताण गाव झोपल्यावर सुरू होतो. राउटरची बॅटरी संध्याकाळी भरलेली असावी.

काठावरून

हात हलवायला सामान लागत नाही, पण तेव्हा परवानगीचा प्रश्न होता. ३१ मार्चपासून न्यू साउथ वेल्समध्ये योग्य कारणाशिवाय घराबाहेर पडायला बंदी होती आणि घरच्यांखेरीज दोनपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमणं गुन्हा होता. जागेवर दंड १,००० डॉलर, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ११,००० डॉलर किंवा सहा महिने कैद इथपर्यंत मजल. बोट बघायला जाणं हे योग्य कारणांत बसत नव्हतं. रोजचा व्यायाम बसत होता. ज्यांची रोजची चाल मुळातच समुद्राकडे जाते त्यांनी चालता चालता हात हलवावा आणि थांबू नये, हे नियमात राहून करता येण्यासारखं. ठरल्या वेळी आपापल्या अंगणातून दिवे लुकलुकवणं हा आणखी एक मार्ग. बाल्कनीतून क्रूला ते दिसतं, आणि बोट चालवणाऱ्या ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांची तयारी असेल तर भोंग्याने उत्तरही येतं. ड्रोन उडवू नये. पहाऱ्यावरच्या पोलिसांना तो त्रास, आणि केबिनमधल्या माणसाला तर चोरून बघणारा डोळा.

जे गावाचं काम नाही

चाचण्या, आजाऱ्यांना रुग्णालयात हलवणं, घरी पाठवणं, पगार. यातलं काहीही चॉकलेटने भागत नाही, आणि चॉकलेटच्या बातम्यांखाली ते झाकलं जाण्याची भीती खरी असते. २००६ चा सागरी श्रम करार सांगतो की खलाशाला मायदेशी पोचवण्याचा खर्च जहाजमालकाचा, आणि बोटीवरची सलग सेवा बारा महिन्यांच्या आत संपली पाहिजे. किनाऱ्यावरच्या कल्याण-सुविधा खलाशाला मिळाव्यात हेही त्याच करारात आहे. ऑस्ट्रेलियाने तो मान्य केलेला आहे. बोट बर्म्युडाच्या झेंड्याखालची, कंपनी अमेरिकेची, क्रू पन्नास देशांचा, धक्का न्यू साउथ वेल्सचा: प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा होती. अशा वेळी आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा निरीक्षक आणि गोदी कामगारांची संघटना यांचा फोन नंबर गावाच्या यादीत सीफेअरर्स सेंटरच्या खालोखाल हवा. पोर्ट केम्बलाला हे नवीन नाही. १९३८ मध्ये इथल्याच गोदी कामगारांनी जपानला जाणारं कच्चं लोखंड डॅलफ्रॅम या जहाजावर चढवायला नकार दिला होता. बंदर म्हणजे फक्त क्रेन नव्हे, हे त्या गावाला ठाऊक आहे.

रोख पैसे थेट क्रूला देऊ नयेत. कुणाला मिळाले, कुणाला नाही, यावरून आत कटुता येते, आणि नोटा हाताळायला तेव्हा कुणी तयारही नव्हतं. पगार थांबलेल्याची तक्रार आयटीएफकडे, तातडीची अडचण खलाशांसाठीच्या धर्मादाय निधीकडे, आणि मन खचलेल्या माणसासाठी सीफेअररहेल्प ही चोवीस तासांची, अनेक भाषांतली मोफत सेवा. हे तिन्ही पत्ते एका कागदावर छापून प्रत्येक पिशवीत टाकायचे. छपाईचा खर्च नगण्य आणि उपयोग सगळ्यात लांबपर्यंत.

मायदेशाचं दारही उघडं असावं लागतं. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली होती. जहाजावरून उतरणाऱ्या भारतीय खलाशांसाठीची कार्यपद्धती २१ एप्रिलला आली, आणि २३ एप्रिलला, म्हणजे रुबी प्रिन्सेसने पोर्ट केम्बला सोडलं त्याच दिवशी, मरेला डिस्कव्हरी या क्रूझवरचे १४०हून अधिक भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले. इथे मात्र गावाच्या हातात काहीच नव्हतं.

प्रवाशांना मिळणारी आपुलकी आणि क्रूला मिळणारी यांतला फरकही नोंदवायला हवा. त्याच एप्रिलमध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत ग्रेग मॉर्टिमर या अंटार्क्टिकाच्या क्रूझवरच्या २१७ पैकी १२८ जणांना लागण झाली होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रवाशांना ११ एप्रिलला विमानतळाकडे नेताना लोक रस्त्याकडेला आणि बाल्कन्यांत उभे राहून हात हलवत होते. क्रूला बोटीवरून उतरायला मे महिना उजाडला. प्रवासी गेले की कॅमेरे जातात. मदतीची आखणी त्या दिवसापासून पुढे करायची असते.

निघण्याच्या आधी आणि नंतर

शेवटच्या दिवसांत बऱ्याच जणांना उतरवून विमानाने मायदेशी पाठवण्यात आलं. उरलेल्या सुमारे ५०० जणांना घेऊन बोट निघाली. विलगीकरण, तपास आणि गळती सुरू झालेली संख्या: अशा टप्प्यावर गावाने तीन कामं उरकायची असतात. बोट किनाऱ्यापासून काही मैल गेली की ऑस्ट्रेलियाचं सिम मुकं होतं, तेव्हा उरलेला डेटा निघण्याआधीच्या रात्री वापरून टाका, असा निरोप क्रू ऑफिसमार्फत द्यायचा. पुढचं बंदर कोणतं ते एजंटकडून विचारून तिथल्या सीफेअरर्स केंद्राला कळवायचं: किती माणसं, कोणत्या देशांची, इथे काय दिलं, काय राहिलं. रुबी प्रिन्सेस मे महिन्यात मनिलाला पोचली, आणि तिथे चाचणी आणि परवानगीसाठी नांगर टाकून थांबलेल्या बोटींची रांगच होती. तेव्हा आधी गेलेला असा निरोप कामाला येतो.

तिसरं काम पैशांचं. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती आणि ती कुठे दिली, हे देणाऱ्यांना लेखी कळवायचं. शिल्लक सीफेअरर्स सेंटरकडे वर्ग करणं उत्तम, कारण धक्का रिकामा राहत नाही. पोर्ट केम्बलात कोळसा, धान्य आणि मोटारी वाहणाऱ्या जहाजांची ये-जा चालूच होती. त्यांच्यावर वीस-बावीस माणसं असतात, त्यांनाही उतरायला बंदी होती, आणि त्यांची बातमी कुणी केली नव्हती.